साथीच्या आधी नोटीस येते

जुलै २०२२ च्या पहिल्या आठवड्यात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत घराघरांतून माणसे जुलाब आणि ओकाऱ्यांनी आडवी झाली. मेळघाटातील ही गावे. पावसाचे दिवस, रस्त्यांची अवस्था सर्वांना ठाऊक असलेली, जवळचे रुग्णालय म्हणजे चुर्णी आणि काटकुंभ. काही जण तेथपर्यंत पोहोचले, काही पोहोचण्याआधीच गेले. महिन्याच्या मध्याला राज्याच्या आरोग्य खात्याने जो आकडा दिला त्यात अमरावती जिल्ह्यातील कॉलऱ्याचे १८१ रुग्ण आणि ५ मृत्यू होते. त्यात चिखलदऱ्याच्या गावांबरोबर अमरावतीजवळचे नया अकोलाही होते. राज्यात नवे सरकार नुकतेच आले होते. नवे मुख्यमंत्री तेव्हा दिल्लीत होते, तेथूनच त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना फोन केला. मंत्रालय हलले, डॉक्टरांची पथके गेली, टँकर गेले आणि पंधरा-वीस दिवसांत सारे शांत झाले.

वृत्तपत्रांचे मथळे नेहमीचेच होते. 'दूषित पाण्याचे बळी.' आम्हाला या मथळ्याबद्दलच आधी बोलायचे आहे. पाणी आपणहून दूषित होत नाही आणि आपणहून कोणाचा बळीही घेत नाही. या गावात नळयोजना होती. नळाला पाणी येत नव्हते, कारण योजनेची वीज तोडलेली होती. वीज तोडलेली होती, कारण ग्रामपंचायतीने बिल भरले नव्हते. नळ बंद म्हणून बाया-माणसांनी उघड्या विहिरीचे पाणी भरले. पहिल्या पावसाने रानातली, हागणदारीची घाण वाहून त्याच विहिरीत गेलेली होती. इतकी सरळ ही साखळी आहे. तिच्या एका टोकाला कॉलऱ्याचा जंतू आहे आणि दुसऱ्या टोकाला थकलेले बिल. शासनाने चौकशी केली ती जंतूची. बिलाच्या टोकाला कोण बसले होते, हा प्रश्न कोणी फारसा लावून धरला नाही.

आता हा रोग काय आहे तेही पाहू, कारण आमच्या कार्यकर्त्यांनाही ते नीट माहीत असायला हवे. कॉलऱ्याचा जंतू रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत कधीही तो उठतो. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात आणि धडधाकट माणूस काही तासांत सुकून जातो. मृत्यू येतो तो जंतूने नव्हे, तर अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. म्हणजेच ते पाणी आणि क्षार परत भरले की माणूस वाचतो. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनचा साठा संपत आल्यावर मीठ, साखर आणि पाण्याचे द्रावण ड्रमात कालवून तोंडाने पाजले. जेथे शंभरातले तीसएक दगावत होते तेथे ते प्रमाण चाराच्या खाली आले. अशा रोगाने २०२२ साली, अणुशक्ती असलेल्या देशात, देशातील सर्वांत श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्यात माणूस मरतो, तेव्हा तो दोनदा टाळता येणारा मृत्यू असतो. एकदा विहिरीवर आणि एकदा खाटेवर.

रोगाची जात पाहायची तर ती नळावरून कळते, माणसावरून नव्हे. १८९२ सालचे जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराचे उदाहरण आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांतून नेहमी दिले जाते. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांना लागून, दोघांचे पाणी एल्ब नदीचेच. हॅम्बुर्गने नदीचे पाणी न गाळता शहराला पाजले. आल्टोना तर प्रवाहात खालच्या बाजूला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण पोटात घेतलेले पाणी उचलणारे. पण ते वाळूच्या गाळणीतून गाळून देत होते. त्या साथीत हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसे मेली आणि आल्टोना बहुतांशी वाचले. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन शहरांचे नळ होते. हॅम्बुर्गच्या नळाच्या बाजूला रोगी निघाले, समोरची बाजू सुखरूप राहिली. तीच हवा, तेच लोक, तीच भाषा. फरक एवढाच की एका नगरपालिकेने गाळणीवर पैसे खर्च केले होते आणि दुसरीने वर्षानुवर्षे चालढकल केली होती. ही गोष्ट सव्वाशेहून अधिक वर्षांची जुनी आहे. 'आदिवासींचे अज्ञान', 'झोपडपट्टीची अस्वच्छता' असे शब्द साहेब लोकांच्या तोंडून ऐकले की आम्हाला आल्टोनाचा तो रस्ता आठवतो.

आपल्याकडे या रोगाला पटकी म्हणत आणि तिची देवी मरीआई. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा. तो ओढायचे काम कोणाच्या गळ्यात असे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. रोग गावाचा, गाडा गावकुसाबाहेरच्यांचा. आपल्या वाडवडिलांनी १९५६ नंतर तो गाडा कायमचा टाकून दिला. परंतु शासनाने आपला एक नवा गाडा तयार केला आहे. त्याचे नाव 'गॅस्ट्रो'. गावात शंभर माणसे एकदम आजारी पडली की 'गॅस्ट्रोची लागण' अशी नोंद होते. गॅस्ट्रो म्हणजे काय? पोट बिघडले, एवढेच. कोणत्या जंतूने बिघडले, तो कोठून आला, हे त्या शब्दात कोठेच नाही. कॉलरा म्हणायचे तर रोग्याच्या शौचाचा नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो, जंतू सापडावा लागतो, वर कळवावे लागते, जाब द्यावा लागतो. नमुना वेळेत घेतलाच नाही, किंवा औषध सुरू झाल्यावर घेतला, की जंतू सापडत नाही आणि कागदावर गॅस्ट्रो राहतो. वकिलीच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. पहिल्या कागदावर जो शब्द लिहिला जातो, त्यावर पुढचा सगळा खटला उभा राहतो किंवा पडतो.

आता कायदा पाहू. गावाला पिण्याचे पाणी देणे हे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे ग्रामपंचायतीचे काम आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतही पिण्याचे पाणी आहे. म्हणजे जबाबदारी सरपंच आणि ग्रामसेवकावर. दुसऱ्या बाजूला विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ५६ आहे. थकबाकीदाराला पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडण्याचा अधिकार ते वीज कंपनीला देते. या कलमापुढे चक्की, दुकान, बंगला आणि एका आख्ख्या गावाची नळयोजना हे सारे सारखेच ग्राहक. थकबाकी म्हणजे थकबाकी. कंपनीला विचाराल तर ती म्हणेल, आम्ही कायद्याने वागलो. पंचायत म्हणेल, पाणीपट्टी वसूल होत नाही, आम्ही कोठून भरणार? पंचायत समिती म्हणेल, हा विषय ग्रामपंचायतीचा. आरोग्य खाते म्हणेल, रोगी आले, आम्ही उपचार केले. प्रत्येकाचा कागद शुद्ध आहे आणि पाच माणसे मेली आहेत.

या साखळीतली सर्वांत महत्त्वाची कडी आमच्या मते ती पंधरा दिवसांची नोटीस आहे. कायद्याने ती दिलीच पाहिजे. म्हणजे ज्या दिवशी अशी नोटीस एखाद्या गावच्या नळयोजनेला लागते, त्या दिवसापासून पंधरा दिवस आधी शासनाच्याच एका यंत्रणेला कळलेले असते की अमुक तारखेनंतर हे गाव उघड्या विहिरीवर जाणार आहे. जून महिन्यात अशी नोटीस लागली तर ती थकबाकीची नोटीस राहत नाही, ती साथीची आगाऊ सूचना असते. पण तिची प्रत जाते ग्रामपंचायतीच्या दप्तरात. तहसीलदाराला ती जात नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तर नाहीच. त्याला कळते ते पहिला रोगी दारात आल्यावर.

पैसे नाहीत, हे कारण मात्र ऐकून घेण्याची गरज नाही. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच निकाल दिला आहे. मध्य प्रदेशातील रतलाम शहरात एका वस्तीतून उघडी गटारे वाहत होती, मैला रस्त्यावर येत होता, दारूच्या कारखान्याचे सांडपाणी त्यात मिसळत होते. लोकांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला ठरावीक मुदतीत गटारे नीट करण्याचा हुकूम दिला. नगरपालिका रडगाणे घेऊन थेट दिल्लीपर्यंत गेली. आमच्याकडे पैसा नाही, आणि ही वस्ती येथे आली ती तिच्या मर्जीने, असे तिचे म्हणणे. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ते फेटाळून लावले. सार्वजनिक आरोग्यासाठी जी संस्था कायद्याने जन्माला आली, तिला तिजोरीकडे बोट दाखवून मूळ कर्तव्यातून सुटका करून घेता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. 'रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद' हे नाव आमच्या प्रत्येक तालुका कार्यकर्त्याच्या डायरीत असायला हवे. हे कलम आता गेलेले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तीत ते कलम १५२ म्हणून आले आहे. उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब, यांच्याकडे साध्या अर्जाने हे प्रकरण सुरू होते.

शुद्ध पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 'सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य' (१९९१) मध्ये आणि पुढेही सांगितले आहे. त्यात नवे काही नाही. आम्हाला खटकते ते दुसरेच. हक्क घटनेच्या कलम २१ इतका मोठा, आणि तो मोडल्याबद्दलची शिक्षा? सार्वजनिक विहिरीचे वा तलावाचे पाणी घाण करण्याला भारतीय दंड संहितेच्या कलम २७७ मध्ये तीन महिने कैद किंवा ५०० रुपये दंड होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ मध्ये तो सहा महिने किंवा ५,००० रुपये झाला. तोही 'स्वेच्छेने' पाणी घाण करणाऱ्याला. विहीर उघडी ठेवणारा, तिच्यात औषध न टाकणारा, नळ बंद पाडून लोकांना तिच्यावर ढकलणारा यात बसत नाही. हयगयीने जीवघेण्या रोगाचा फैलाव करण्याबद्दलचे कलम जुन्या संहितेत २६९ होते, आता २७१ आहे. २०२० च्या टाळेबंदीत हेच २६९ कलम रस्त्यावर दिसलेल्या साध्या माणसांवर किती सढळ हाताने लावले गेले, ते सर्वांनी पाहिले. औषध न टाकलेल्या विहिरीचे पाणी गावाला पाजणाऱ्यावर ते लावल्याचे आमच्या वकिलीत आम्ही एकदाही पाहिलेले नाही.

मग योजना कोठे गेल्या? १५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने जलजीवन मिशन जाहीर केले. २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी. मुदत संपली, फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवली. नळ बसवण्याला केंद्राचा पैसा, राज्याचा पैसा, ठेकेदार, उद्घाटन, फलक. नळ चालवण्याला मात्र कोणी नाही. पंप फिरायला वीज लागते आणि तिचे बिल दर महिन्याला येते. त्या बिलावर कोणाचा फोटो छापता येत नाही! पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. चिखलदरा आणि धारणी हे तर अनुसूचित क्षेत्रातले तालुके, तेथे पेसाचा वेगळा ५ टक्के निधी ग्रामसभांकडे येतो. एवढे असूनही दोन गावांचे पंप बिलासाठी बंद राहत असतील तर निधी कमी पडला असे म्हणून भागणार नाही, तो कोणत्या कामावर गेला याचा हिशेब मागावा लागेल.

आता आपल्या वस्त्यांकडे येऊ. गावाच्या टाकीतून निघालेली पाइपलाइन आधी पाटलाच्या आळीत जाते, मग बाजारपेठेत, आणि शेवटी बौद्धवाड्यात, मातंग वस्तीत, पारध्यांच्या पालाजवळ संपते. बहुतेक गावांची रचनाच अशी आहे आणि ती कोणी केली हे सांगत बसत नाही. टोकाच्या घराला पाणी कमी येते, हे सर्वांना दिसते. जे दिसत नाही ते असे. पाणी दिवसाआड आणि तासभर येत असेल तर उरलेल्या वेळी पाइप रिकामा असतो. रिकामा पाइप गटारातून गेलेला असेल आणि त्याला चीर असेल, तर तो बाहेरची घाण आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी नळ सोडल्यावर पहिल्या धारेत ती घाण टोकाच्या घरांना मिळते. टाकीत टाकलेल्या टीसीएल पावडरीचा क्लोरीन टोकापर्यंत पोहोचेतो संपलेला असतो. शेवटच्या नळावर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे, हे प्रमाण ठरलेले आहे. ते तपासणारी ओ.टी. चाचणी दोन मिनिटांची. थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, नाही तर नाही.

पावडरीचेही तसेच. हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम ताजी पावडर पुरते. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पण पोते ग्रामपंचायतीच्या ओलसर खोलीत तोंड उघडे ठेवून पडले की तो उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. मग जलसुरक्षक इमानाने चुना टाकत राहतो आणि वहीत 'शुद्धीकरण केले' अशी नोंद होत राहते. हा गडी बहुतेक ठिकाणी तुटपुंज्या मानधनावरचा, साथ आली की पहिली नोटीस त्यालाच. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. ती चांगली आहे. मात्र हिरवे कार्ड मिळते ते ग्रामपंचायतीला, वस्तीच्या शेवटच्या नळाला नव्हे.

शहरात वेगळे चित्र आहे असे समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. गिया बारे सिंड्रोम हे नाव महाराष्ट्राने तेव्हा पहिल्यांदा ऐकले. संशयित रुग्ण दोनशेवर गेले. तपासणीत काही रोग्यांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा पोटात जाऊन जुलाब लावणारा जंतू सापडला आणि बोट पुन्हा पाण्याकडेच वळले. यातली कित्येक गावे २०२१ मध्ये महापालिकेत घेतलेली होती. हद्द घेतली, कर घेतला, शुद्धीकरण केंद्राचे पाणी मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन टाकून तेच पुरवले जात होते. येथे केंद्राचे तज्ज्ञ पथक तातडीने आले, राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले, रोज आकडे जाहीर झाले. हे व्हायलाच हवे होते. चिखलदऱ्याच्या वाट्याला एवढे येत नाही, इतकेच आमचे म्हणणे.

पाण्याच्या शुद्धतेचा विषय निघाला की महाड टाळता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. सनातन्यांना तळे बाटले असे वाटले, म्हणून त्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्या पिण्याच्या पाण्यात ओतल्या आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले! जंतुशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर माणसाच्या स्पर्शाने न बिघडलेले पाणी त्या दिवशी प्रत्यक्षात बिघडवले गेले. कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू शोधून तेव्हा ४३ वर्षे झाली होती. कोर्टाची लढाई १७ मार्च १९३७ पर्यंत चालली, मुंबई उच्च न्यायालयाने तळे सार्वजनिक असल्याचा निकाल दिला तेव्हा कोठे ती संपली. त्या लढाईने आपल्याला पाणवठ्यापर्यंत जाण्याचा हक्क मिळाला. आज अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(एक्स) प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातले पाणी घाण करणे हा गुन्हा आहे. पण पाणवठ्यापर्यंत पोहोचलेल्या माणसाला तेथे काय प्यायला मिळते, यावर आपल्या चळवळीने फारसे काम केलेले नाही. मोर्चा टँकरसाठी निघतो, नमुन्यासाठी निघत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडावेत. नळयोजनेच्या वीजबिलाची थकबाकी किती ते फलकावर लिहावे, आणि कलम ५६ ची नोटीस आली तर तिची प्रत त्याच दिवशी तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. नोटीस आल्याबरोबर, वीज तुटण्याची वाट न पाहता, प्रांताकडे कलम १५२ चा अर्ज लावावा. अर्जात रतलामचा उल्लेख करावा, आणि वीज कंपनीलाही पक्षकार करावे. पाणी तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागावेत. एरवी तीस दिवसांची मुदत असते, पण माहिती माणसाच्या जीविताशी संबंधित असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत द्यावी लागते. वस्तीत जुलाब सुरू झालेले असताना हा मुद्दा अर्जात स्पष्ट शब्दांत लिहावा, नाही तर बाबूलोक तीस दिवस मोजत बसतात. आणि अहवाल हातात आला की 'पिण्यास योग्य' हा शिक्का पाहून घरी जाऊ नये. नमुना कोणत्या तारखेला घेतला, आणि टाकीच्या तोटीवरून घेतला की वस्तीतल्या शेवटच्या नळावरून, हे आधी वाचावे.